एक हात, चार वह्या

"या आठवड्यात एकूण किती बॉल टाकलेस?"

नवा मुलगा आला की पहिल्या दहा मिनिटांत मी हे विचारते. त्या दिवशी टेबलावर पाय सोडून बसलेला मुलगा पंधरा वर्षांचा होता. डावखुरा, उंची सहा फुटांच्या वर, मिसरूड नुकतं फुटू लागलेलं. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं, एवढंच डॉक्टरांच्या चिठ्ठीत होतं. उत्तर वडिलांनी दिलं.

"८५. मी स्वतः मोजलेत."

ते खोटं बोलत नव्हते. गुरुवारी शाळेची बेसबॉलची मॅच, तिच्यात ८५ बॉल, मग बर्फ आणि विश्रांती. नियमात बसणारा आकडा. कुठला बॉल किती वेगाचा, हेसुद्धा त्यांच्या फोनमध्ये नोंदलेलं होतं.

मी कागदाच्या मागच्या बाजूला ८५ लिहिलं आणि मुलाकडे वळले. मॅचआधी हात गरम करायला किती? तीसेक. दर इनिंगच्या आधी? पाच. इनिंग किती? सहा. म्हणजे आणखी ३०. मंगळवारी काय केलंस? मंगळवारी खासगी कोचकडे क्लास, तिथे ४०. "ते काही जोरात नव्हते," वडील म्हणाले. मुलगा बुटाच्या नाडीकडे बघत राहिला. शनिवारी? शनिवारी शोकेस होतं, म्हणजे कॉलेजांच्या निवडकर्त्यांपुढचं प्रदर्शन. तिथे १५च टाकायचे असतात, पण जीव खाऊन, कारण जाळीमागे रडार गन घेतलेली माणसं उभी असतात. त्याआधी हात गरम करायला २५. रविवारी क्लबच्या टीमकडून सेंटर फिल्डला उभा होता. तिथून थेट होम प्लेटपर्यंतच्या फेकी कोणी मोजल्या नव्हत्या.

बेरीज केली. २२५. आउटफिल्डच्या फेकी सोडून.

वडिलांनी कागद हातात घेतला आणि पुन्हा बेरीज केली. अकाउंटंट होते. बेरीज बरोबर निघाली. "पण हे सगळे मोजायचे नसतात ना," ते हळूच म्हणाले. नियमाच्या दृष्टीनं त्यांचं बरोबरच होतं. नियम फक्त मॅचमधले बॉल मोजतो.

त्या मुलाचा हिशेब चार ठिकाणी होता. शाळेच्या कोचच्या वहीत, खासगी कोचच्या ॲपमध्ये, क्लबच्या स्कोअरबुकात आणि शोकेसवाल्यांच्या यादीत. प्रत्येक वही आपापल्या जागी स्वच्छ. चारही वह्या एका टेबलावर आल्या त्या माझ्याकडे, आणि त्या येतात तेव्हा कोपर आधीच दुखत असतं.

मी मूळची मंगळवेढ्याजवळच्या एका खेड्यातली. पुण्यात फिजिओथेरपी शिकले आणि २००६ साली टेक्सासमध्ये डॅलसच्या उपनगरात नोकरीला आले. पहिली काही वर्षं माझ्या टेबलावर गुडघे बदललेल्या आज्या आणि कंबर धरलेले ट्रकवाले असायचे. बेसबॉलचं मला काही कळत नव्हतं. 'पिच' म्हणजे माझ्या लेखी बावीस यार्डांची पट्टी, इथे एका फेकीला पिच म्हणतात. "ही थ्रू नाइन्टी पिचेस" असं एक आई पहिल्यांदा म्हणाली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर शिवाजी पार्क उभं राहिलं होतं. पुढे आमच्या क्लिनिकपासून दोन मैलांवर कृत्रिम हिरवळीची आठ मैदानं झाली आणि आज्यांच्या जोडीला पोरं येऊ लागली. आधी सतरा-अठराची, मग पंधराची. गेल्या काही वर्षांत बारा-तेराची येतात आणि मला आश्चर्य वाटत नाही. याचंच खरं तर वाटायला हवं.

हा हात असा का मोडतो, ते मला पुस्तकापेक्षा गोफणीनं जास्त शिकवलं. आमच्याकडे ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरत. आजोबा माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायचे. मला वाटायचं, जोर दंडात असतो. त्यांचे पाय बघितले तेव्हा कळलं, जोर टाचेतून निघतो, कमरेतून वर चढतो, खांद्यात येतो आणि शेवटी दोरीला जातो. खडा सुटायच्या आधीच्या क्षणी सगळा ताण दोरीवर. दोरी तुटायची ती तेव्हाच. आजोबा दर सुगीला अंबाडीची नवी गोफण वळायचे आणि जुनी दावणीला बांधून टाकायचे.

पिचरचं तेच आहे, फक्त इथे दोरी शरीरात असते. पाय उचलतो, पुढे झोकून देतो, कंबर फिरते, तिच्यामागून छाती फिरते, आणि हात मागेच राहिलेला असतो, कोपरात वाकून, तळवा आभाळाकडे. मग खांदा आतल्या दिशेनं फिरतो तो सेकंदाला सुमारे सात हजार अंशांच्या वेगानं. त्याच वेगानं फिरत राहिला तर सेकंदाला एकोणीस फेरे होतील. माणसाच्या शरीराची याहून वेगवान हालचाल मोजली गेलेली नाही, असं आमच्या क्षेत्रात शिकवतात. त्या झटक्यात कोपर आतल्या बाजूनं उघडू पाहतं. त्याला बांधून धरतं ते अल्नर कोलॅटरल लिगामेंट, म्हणजे यूसीएल. जेमतेम बोटाच्या एका-दोन पेरांएवढा पट्टा.

१९९५ च्या एका अभ्यासात प्रौढ पिचरच्या कोपरावर या क्षणी बसणारा पीळ ६४ न्यूटन-मीटर मोजला गेला. हा आकडा पालकांना सांगून उपयोग नसतो. मी त्यांना पुढचा हात आडवा धरायला सांगते आणि म्हणते, तळव्याला वीस-बावीस किलोचं तांदळाचं पोतं लटकवलंय असं समजा, दर बॉलला एकदा. मृतदेहातलं हेच लिगामेंट प्रयोगशाळेत ताणून पाहिलं तर ते साधारण याच्या निम्म्या ओझ्याला तुटतं.

मग पहिल्याच बॉलला का तुटत नाही? कारण पुढच्या हाताचे स्नायू ओझं वाटून घेतात. मनगट वाकवणारे, मूठ आवळणारे, कोपराच्या आतल्या गाठीवरून निघणारे सगळे स्नायू त्या क्षणी आवळतात आणि पट्ट्याच्या वाटचं बरंचसं उचलतात. ते ताजे आहेत तोवर. साठाव्या, सत्तराव्या बॉलला ते दमतात. पाय दमतात तेव्हा त्यांनी द्यायचा जोरही हातालाच काढावा लागतो. ओझं तेवढंच, वाटेकरी कमी.

बर्मिंगहॅम, अलाबामा इथे डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी उभी केलेली अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या मंडळींनी २००६ साली शस्त्रक्रिया झालेल्या किशोर पिचरांची तुलना न दुखावलेल्यांशी केली. वर्षातून आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांना शस्त्रक्रियेचा धोका पाचपट. मॅचमध्ये सरासरी ८० च्या वर बॉल टाकणाऱ्यांना चौपट. आणि हात थकलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यांना ३६ पट. पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली होती. ३६ पट! आणि मी आजवर पाहिलेल्या एकाही वहीत 'थकलाय का' असा रकाना नव्हता. वेगाचा असतो. स्ट्राइकचा असतो. एका आईकडे तर झोपेच्या तासांचा होता. थकव्याचा नाही.

तपासणीतली एक गंमत सांगते. यूसीएलसाठी आम्ही एक चाचणी करतो, तिचं नाव 'मिल्किंग'. मुलाचं कोपर वाकवायचं, तळवा वर, आणि त्याचा अंगठा धरून खाली ओढायचा, गाईच्या सडासारखा. लिगामेंट दुखावलेलं असेल तर पोरगं कळवळतं. आईला फोनवर सांगितलं, आज तीन पोरांची धार काढली. ती म्हणाली, "शिकून अमेरिकेत गेलीस आणि हेच करतेस होय गं?"

बारा-तेराच्या मुलात मात्र बहुधा लिगामेंट तुटतच नाही. त्याच्याआधी हाड हार मानतं. कोपराच्या आतल्या गाठीला त्या वयात वाढीची पट्टी असते, कूर्चेची, आणि ती पट्ट्यापेक्षा कच्ची. ओढ बसत राहिली की गाठच हाडापासून सरकते. एक्स-रेत एका कोपरात बारीक रेघ आणि दुसऱ्यात रुंद फट दिसते. 'लिटल लीग एल्बो' हे नाव १९६० सालचं आहे, म्हणजे आजोबांच्या पिढीतही पोरांचे हात दुखतच होते. नवीन आहे ते पुढचं. पंधरा-सोळाव्या वर्षी पट्टी भरून येते, गाठ पक्की होते, आणि मग तोच ताण लिगामेंटवर येतो. एका अभ्यासानं तपासलेल्या, २००७ ते २०११ या काळातल्या अमेरिकेतल्या यूसीएलच्या शस्त्रक्रियांपैकी ५६.७ टक्के १५ ते १९ वयाच्या मुलांच्या होत्या. व्यावसायिक खेळाडूंसाठी शोधलेलं ऑपरेशन, आणि निम्म्याहून जास्त रोगी शाळा-कॉलेजातले.

त्या ऑपरेशनला टॉमी जॉनचं नाव आहे. तो लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर. १९७४ च्या जुलैत त्याचं कोपर गेलं आणि २५ सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या मनगटातला एक टेंडन काढून कोपराच्या हाडांना पाडलेल्या भोकांतून ओवला. परत खेळण्याची शक्यता शंभरात एक, असं त्यांनी सांगितलं होतं. ऑपरेशनच्या वेळी एकतीस वर्षांचा असलेला टॉमी जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे.

तो टेंडन तुम्हालाही बघता येईल. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मधोमध एक दोरी उठते. काहींना ती जन्मतःच नसते आणि त्यांचं काहीच अडत नाही. शरीराला फारशी गरज नसलेली दोरी, म्हणून ती उसनी घेता येते. माझ्या टेबलावर मुलं ही दोरी एकमेकांना दाखवतात. एक जण म्हणाला, "माझी जाड आहे, मस्त लिगामेंट होईल." अजून त्याला काहीही झालेलं नव्हतं.

ही चेष्टा वाटेल, पण एका रविवारी मंडळाच्या कार्यक्रमात ओळख झालेल्या एका गृहस्थांचा फोन आला. नाशिककडचे, इथे आयटीत. मुलगा तेरा वर्षांचा, पिचर.

"ताई, एक विचारायचं होतं. ऑपरेशन केल्यावर स्पीड वाढतो म्हणतात, ते खरं का?"

"मुलाला काही होतंय का?"

"नाही, नाही. तसं काही नाही. पण पुढे करावंच लागणार असेल तर लवकर केलेलं बरं, असं इथले पालक बोलतात."

मी त्यांना हसले नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हायस्कूलच्या निम्म्याहून किंचित जास्त खेळाडूंना वाटत होतं, की इजा नसतानाही खेळ सुधारण्यासाठी हे ऑपरेशन करून घ्यावं. मी त्यांना सांगितलं, की वेग वाढल्यासारखा वाटतो तो ऑपरेशननं नाही. पंधराचा मुलगा वर्षभर बॉल टाकत नाही, रोज पाय-कंबर-पाठीचा व्यायाम करतो, वेळेवर झोपतो आणि तेवढ्यात दोन इंच वाढतो. परत येतो तेव्हा तो सोळा-सतराचा तगडा जवान असतो. हेच वर्ष चाकू न लावता दिलं असतं तरी तो वेगवान झाला असता. त्यांना पटलं असावं. मग त्यांनी माझ्या मनातलंच विचारलं: "आपल्याकडे इतके फास्ट बोलर, त्यांचं कोपर कसं जात नाही?"

त्यांचं कोपर सरळ असतं म्हणून. वाकवून झटकलं तर अंपायर नो-बॉल देईल. क्रिकेटमध्ये तोच हिशेब पाठीला चुकवावा लागतो, कमरेच्या मणक्याला बारीक तडे जातात. बुमराच्या पाठीचं ऑपरेशन २०२३ मध्ये झालं ते सगळ्यांना आठवतं. कोपर वाकवून फेकणारा आपला माणूस हवा असेल तर नीरज चोप्रा. त्याच्या कोपराचं ऑपरेशन २०१९ मध्ये मुंबईत झालं. सचिनचं टेनिस एल्बो वेगळं, ते बाहेरच्या बाजूचं. गृहस्थ म्हणाले, "म्हणजे सचिनचं उदाहरण इथे चालायचं नाही तर." जरा निराश वाटले.

लोक मला विचारतात, नेमका दोष कशाचा? इथले आजोबा अजून कर्व्हबॉलला शिव्या देतात: पोरं लहानपणीच बॉल वळवायला शिकतात, म्हणून हात जातो. त्याच बर्मिंगहॅमच्या लोकांनी ४८१ मुलांचा दहा वर्षं मागोवा घेतला. तेराव्या वर्षाआधी कर्व्ह टाकल्यानं धोका वाढतो, असं त्यांना ठामपणे दाखवता आलं नाही. वर्षाला १०० इनिंगच्या वर टाकणाऱ्यांना मात्र साडेतीनपट धोका दिसला. किती वळवला यापेक्षा किती टाकला, हा मुद्दा होता. तेही मानलं गेलं. लहान मुलांच्या लिटल लीगनं २००७ पासून इनिंगऐवजी बॉल मोजायला सुरुवात केली, अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५. हायस्कूलमध्ये २०१७ पासून प्रत्येक राज्याला मर्यादा ठरवणं भाग पडलं. २०१४ पासून मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या 'पिच स्मार्ट' सूचना आहेत, वयानुसार तक्ता, विश्रांतीचे दिवस, सगळं. माझ्या भिंतीवर लावलाय. पालक त्याचे फोटो काढतात.

तरी पोरं येतच राहिली. कारण मोजणी सुरू झाली तेव्हाच बॉल बदलला होता. मेजर लीगमध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ साली ताशी ९१.३ मैल होता, २०२४ मध्ये ९४.२. क्रिकेटच्या भाषेत १४७ किलोमीटरवरून जवळजवळ १५२. पूर्वीचा पिचर नऊ इनिंग पुरवून टाकायचा, अडचणीच्या वेळेसाठी राखून. आता पहिल्या बॉलपासून पूर्ण जोर, दमला की दुसरा येतो. मेजर लीगच्या स्वतःच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालातही बोट याच गोष्टीकडे आहे: वेगाचा हव्यास आणि दर बॉलला सर्वस्व. वरच्या मजल्यावर जे विकलं जातं तेच तळमजल्यावर पिकवलं जातं. ८५ बॉल तेच, पण आजचे ८५ पंधरा वर्षांपूर्वीचे ८५ नाहीत. मोजणाऱ्या यंत्राला हा फरक कळत नाही.

टेक्सासमध्ये थंडी म्हणजे नावाला. फेब्रुवारीत शाळेचा मोसम सुरू होतो, जूनपासून क्लबच्या स्पर्धा, सप्टेंबरात 'फॉल बॉल', डिसेंबरात बंदिस्त हॉलमध्ये वेग वाढवायचे वर्ग, जड बॉल भिंतीवर मारण्याचे. २०१८ च्या एका अभ्यासात हायस्कूलच्या वयाच्या पिचरांनी सहा आठवडे जड बॉलचा सराव केला. वेग ३.३ टक्क्यांनी वाढला आणि त्यांतल्या २४ टक्के मुलांना इजा झाली. या दोन आकड्यांपैकी पहिला वर्गाच्या जाहिरातीत शोभतो. पूर्वी हिवाळ्यात पोरं बास्केटबॉल खेळायची, पाय पळायचे, हात झोपायचा. आता हाताला सुगीच सुगी, पेरणीआधीची उन्हाळ-नांगरट नाही.

वडिलांना दोष देणं सोपं आहे आणि मीही पुष्कळ दिला. मग एकदा एका आईनं मला शिष्यवृत्तीचं गणित समजावलं. कॉलेजच्या डिव्हिजन वनमधल्या बेसबॉल संघाला कितीतरी वर्षं एकूण ११.७ शिष्यवृत्त्या असायच्या, आणि त्या जास्तीत जास्त सत्तावीस मुलांत वाटायच्या. २०२५ मध्ये नियम बदलले, पण तिच्या मुलाची शर्यत त्या जुन्या गणिताची होती. अपूर्णांकातली शिष्यवृत्ती मी जन्मात ऐकली नव्हती. त्या तुकड्यासाठी हजारो घरं धावतात, आणि त्या तुकड्याहून जास्त पैसे क्लब, कोच, हॉटेल, पेट्रोलवर घालतात. जाळीमागच्या माणसाकडे एका मुलासाठी दोन मिनिटं असतात. स्वभाव, डोकं, दमल्यावरची अचूकता दोन मिनिटांत दिसत नाही. वेग दिसतो, मोठ्या लाल आकड्यात. दुखतं असं म्हणणारा मुलगा त्या दिवशी रांगेतून बाहेर पडतो, आणि मागे उभा असलेला त्याच्याच वर्गातला असतो. म्हणून मी "दुखतं का?" असं विचारणं सोडलं. "नाही" हे उत्तर ठरलेलं. दात कुठल्या हातानं घासतोस, मी विचारते. डावखुऱ्या पोरानं "हल्ली उजव्या" असं म्हटलं की मला कळतं.

आणि माझं काय? एक उजव्या हाताचा मुलगा होता, ऑपरेशननंतर वर्षभर माझ्याकडे. ब्रेसपासून सुरुवात. मग रबरी बॉल दाबणं, मग दांडी आणि इलॅस्टिकचे पट्टे, पाचव्या महिन्यात ४५ फुटांवरून पहिली हलकी फेक. त्या दिवशी त्याचे हात थरथरत होते आणि आई रडत होती. मग ६० फूट, ९०, १२०. शेवटी माऊंडवरून, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावरून. अकराव्या महिन्यात मी मैदानावर गेले. कोणीतरी छोटा रडार लावला होता. ८४. मी टाळी वाजवली. मोठ्यानं ओरडलेसुद्धा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, हसला, आणि पुढचा बॉल ८६ चा टाकला. त्या दिवशी त्याला मी पंचाहत्तर टक्के जोराची परवानगी दिली होती. कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. दोन आठवड्यांनी तो कोपर धरून आला. नशिबानं स्नायूच होता, लिगामेंट शाबूत, पण तीन महिने पुन्हा गेले. त्याला मी कधी विचारलं नाही, की तो शेवटचा बॉल का टाकलास. उत्तर मला माहीत होतं. आता मी मैदानावर जाते तेव्हा रडारकडे पाठ करून उभी राहते. लोकांना ते नाटकी वाटतं.

डावखुऱ्याकडे परत येते. त्याचं लिगामेंट अर्धवट फाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, चाकू नको, आधी थांबून बघू. दहा आठवडे बॉलला हात लावायचा नाही. वडिलांनी तो काळ धीरानं काढला, हे मला कबूल केलं पाहिजे. सगळ्या शोकेसना त्यांनी स्वतः नकार कळवला. मुलगा मात्र पिंजऱ्यातल्यासारखा. क्लिनिकमध्ये येऊन खिडकीतून पार्किंगकडे बघत बसायचा.

मी दर खेपेला सोलापूरहून लाल कापडी बांधणीच्या लांबट चोपड्या आणते. दिवाळीत वहीपूजनाला लोक घेतात त्याच. घरखर्चासाठी आणते, निम्म्या कोऱ्याच पडतात. एक त्याला दिली. रकाने आखून दिले: तारीख, कुठे, किती, किती जोरात, आणि शेवटी हात किती थकलाय, शून्य ते दहा. हात गरम करायचे, भिंतीवरचे, धाकट्या भावाला टाकलेले, सगळे. कोच दोन असोत की चार, वही एकच. त्यानं ती उलटसुलट पाहिली. "हे उभं उघडतं?" म्हणाला. हो, उभंच.

फेकी सुरू झाल्या, ४५ फुटांवरून. वही नियमित यायची. अक्षर भयानक. पहिले दोन आठवडे थकव्याच्या रकान्यात सगळीकडे शून्य. मी काही बोलले नाही. तिसऱ्या आठवड्यात एक दोन आला. मग एक चार, खोडून तीन केलेला.

सहाव्या आठवड्यात तो वही टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेला. मी पान उघडलं. ठरल्याप्रमाणे त्या आठवड्याच्या ७६ फेकी होत्या, तीन दिवसांत विभागलेल्या. त्याखाली रविवारची एक ओळ, वेगळ्या पेनानं. घरामागे, कुंपणावर. ३१. जोर: जास्त. थकवा: ६.

"हे बाबांना माहीत आहे?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मग लिहिलंस कशाला?"

खांदे उडवले. "तुम्ही सगळे म्हणाला होतात."

वडील बाहेर गाडी लावत होते. मी पेन घेतलं, ७६ वर काट मारली आणि खाली १०७ लिहिलं. बुधवारची फेक रद्द केली. तो काही बोलला नाही, डावा हात पुढे करून टेबलावर आडवा झाला. पलीकडच्या टेबलावर एक आजी गुडघ्याच्या मशीनला "स्लो, स्लो" म्हणत ओरडत होत्या. मी त्याचा अंगठा धरला.